बायोडेटाआधी डेस्कटॉप

माणसाला एकच वाट दिली तर तो मुकाट्याने चालतो. दोन दिल्या की समिती नेमतो. सांडोरचे आत्माराम राऊत जकात नाक्यावरून निवृत्त झालेले असल्यामुळे त्यांची समिती एकट्याचीच होती. गणपूर्तीची अडचण कधी आली नाही.

२००४च्या जूनमध्ये त्यांनी घरात कॉम्प्युटर आणला, तो मुलीचा, हंसाचा, बायोडेटा टाइप करायला. (हाताने लिहिलेला बायोडेटा म्हणजे मुलीत काहीतरी खोट, असं तेव्हा नुकतंच ठरलं होतं.) जूचंद्रचं एक स्थळ वाट पाहत होतं. हंसाचं एम.एस्सी.चं शेवटचं वर्ष होतं. "जास्त शिकून पोळ्या जास्त फुगतात का?" असं मुलाच्या आईने विचारलं होतं, आणि आत्मारामभाऊंना प्रश्न रास्त वाटला होता.

शेजारच्या वाडीतल्या जॉनने मासिकाबरोबर फुकट आलेल्या सीडीवरून लिनक्स ही संगणकप्रणाली बसवून दिली. फुकट आहे म्हणजे गोम असणार, हा नाक्यावरचा तीस वर्षांचा अनुभव. ती लगेच सापडली. सुरू होताच मशीन विचारू लागलं, डेस्कटॉप कुठला, केडीई की ग्नोम?

"मशीन तेच, काम तेच," जॉन म्हणाला. "पडद्याचा थाट तेवढा वेगळा. कुठलाही घ्या, भाऊ."

'कुठलाही' हा शब्द भाऊंनी उभ्या नोकरीत वापरला नव्हता. त्यांनी फुलस्केप वही आखली. निकष चौदा. केडीईत नुसत्या घड्याळाच्याच एकवीस सोयी निघाल्या. ग्नोममध्ये मोजण्यासारखं फारसं काही नव्हतं, त्यामुळे तिथे जास्त वेळ लागला.

मनोरमाबाईंना ग्नोमचं चिन्ह दिसलं. पाऊल.

"अहो, लक्ष्मीचं पाऊल आहे. हेच घ्या."

भाऊंनी पेन उचललं. हंसा दाराशी उभी होती. पेन टेकलं की डेस्कटॉप ठरला, मग बायोडेटा, आणि बायोडेटा गेला की जूचंद्र. ती पडद्याजवळ गेली, वाकली.

"आई, बोटं चारच आहेत."

पेन खाली ठेवलं गेलं.

आपल्या हाती काय लागलंय, ते हंसाला त्या दिवशी कळलं. गणपतीच्या सुमारास केडीई जिंकत आलं, तेव्हा ती भाजी निवडता निवडता म्हणाली, "बाबा, एक्सएफसीई नावाचा आणखी एक डेस्कटॉप पाहिलात का? त्याच्या चिन्हात उंदीर आहे." त्या दिवसांत उंदराला डावलणं कुठल्याच समितीला परवडलं नसतं. दिवाळीत तिने फ्लक्सबॉक्स काढलं, नाताळात आइसडब्ल्यूएम. दर वेळी सांगायची, "घाईत ठरवू नका, बाबा. आयुष्यभर बघायचंय." (हेच वाक्य ती स्थळांबद्दल बोलली होती, तेव्हा आगाऊ ठरली होती. डेस्कटॉपबद्दल बोलल्यावर पोरीला समज आल्याचं भाऊंनी चारचौघांत सांगितलं.)

भाऊ वहीत बुडालेले असल्यामुळे "पुस्तक ठेव आता" असं म्हणायला घरात कोणी उरलं नाही. हंसा माजघरात बसून वाचू लागली. कधी बाहेरून "चौदावा निकष!" अशी आरोळी आली की तोंडात ओढणी कोंबून हसायची.

जूचंद्रहून निरोप आला, "बायोडेटाचं काय?"

"पडद्यावर अडलंय," भाऊंनी कळवलं. ते खरंच होतं.

जानेवारीत त्या मुलाचं दुसरीकडे जुळलं.

"किती मुली पाहिल्या त्यांनी?" भाऊंनी विचारलं.

"एकच," मनोरमाबाई म्हणाल्या.

"फसले बिचारे," भाऊ कळवळून म्हणाले, आणि वहीकडे वळले.

एप्रिलमध्ये हंसाने परीक्षा दिली. मग बोईसरच्या एका प्रयोगशाळेत नोकरीसाठी अर्ज करायचा ठरला. अर्जाला बायोडेटा हवा होता. भाऊ बाजारात गेलेले असताना तिने तो त्याच मशीनवर वीस मिनिटांत टाइप केला. कुठल्या डेस्कटॉपवर, ते तिने पाहिलं नाही. ऑगस्टपासून ती कामावर जाऊ लागली.

ही हकिगत ऐकणारा प्रत्येक जण शेवटी एकच विचारतो, भाऊंनी अखेर निवडलं काय? हंसाचा निकाल काय लागला, हे आजवर एकानेही विचारलेलं नाही. आपणही नाही.

(प्रथम वर्ग.)