चार इंच वर

दुपारी एक वाजता लडकू मिस्त्रीने शेवटचा नट आवळला आणि जीप चार इंच उंच झाली. त्यानंतर ती गाळ्याबाहेर निघेना. गाळा भिवंडीतला, जुन्या लूमचा. दरवाजा माणसांच्या आणि हातगाड्यांच्या मापाने ठेवलेला. सकाळी आत येताना टपावर चार बोटं जागा होती. ती नव्या स्प्रिंगांनी खाल्लीच, वर टायरही जाडजूड.

"तू मापला न्हाय?" केसरीनाथने विचारलं.

"गाडी मापली ना, शेठ. दरवाजा कोन मापतं?"

केसरीनाथ काढून ठेवलेल्या जुन्या टायरवर बसला. तो चिडला नाही. चिडायला अंगात जोर लागतो, आणि तो सकाळपासूनच संपला होता.

जीप उंच करायची हौस त्याच्या मुलाची, मितेशची. पण निमित्त होतं बायजाबाईचं. बायजाबाई म्हणजे केसरीनाथची थोरली बहीण आणि अंजूरची धवलारीण. लग्नघरी तिने धवला, म्हणजे लग्नविधीचं गाणं, गायला सुरुवात केल्याशिवाय हळदीला कोणी हात लावत नाही. आज संध्याकाळी अंबाडीला क्षितिजाची, म्हणजे केसरीनाथच्या मेहुण्याच्या मुलीची हळद होती आणि बायजाबाईला घेऊन येतो असा शब्द केसरीनाथने दिला होता. मागच्या लग्नाला जाताना खड्ड्यांनी तिची कंबर धरली, तेव्हापासून ती या गाडीत बसायला तयार नव्हती. "मोठे स्प्रिंग टाकू, आत्याला खड्डा कललाच न्हाय पायजे," असं मितेश म्हणाला, आणि केसरीनाथने हो म्हटलं. वाद घालण्यापेक्षा हो म्हणायला कमी श्रम पडतात.

"सगला परत खोलू?" लडकूने विचारलं.

"किती वेल लागंल?"

"रात्र व्हईल."

मग टायरची हवा काढली. जीप थोडी बसली, पण टप अजून चौकटीला घासत होता. वजन टाकावं लागेल, असं सोबत आलेल्या मितेशला सुचलं. शेजारच्या लूमची शिफ्ट सुटली होती. त्याने कामगारांना हाका मारल्या.

"बस बैठना है?" एकाने संशयाने विचारलं.

"बस बैठना है."

बारा तास उभं राहून आलेली ती माणसं इतकी समाधानाने बसली की केसरीनाथला त्यांचा हेवा वाटला. सहा जणांनी काही झालं नाही. अकरा झाले तेव्हा स्प्रिंग कुरकुरले आणि जीप दरवाजाखालून इंच इंच बाहेर आली. बाहेर आल्यावर दोघे उतरायलाच तयार नव्हते. त्यांना डुलकी लागली होती.

हवा भरून अंजूरला पोचायला चार वाजले. बायजाबाई हिरवं लुगडं नेसून ओटीवर तयार बसली होती. तिने जीपकडे पाहिलं. मग पायरी किती वर आहे ते पाहिलं, आणि शेवटी आपल्या गुडघ्यांकडे.

"केसऱ्या, मना माडावर चडाचा हाय कं?"

"आत्या, तुलाच खड्डे लागू नये म्हनून केला," मितेश म्हणाला.

"खड्डे लागाला आधी आत बसाला लागतं."

खुर्ची ठेवून पाहिली, खुर्ची डगमगली. दोघांनी उचलायचं म्हटलं, तर बायजाबाईने एका नजरेत दोघांना गप्प केलं. तिकडे अंबाडीहून मेहुण्याचा तिसरा फोन आला. हळद वाटून तयार होती, बायका खोळंबल्या होत्या.

तेव्हा केसरीनाथला चालत जाण्याएवढ्या अंतरावरचं आपलंच गोदाम आठवलं. कुरिअरवाल्यांना भाड्याने दिलेलं, ट्रक लावायला छातीएवढा धक्का असलेलं. मागच्या उताराने बायजाबाई धक्क्यावर चालत जाईल आणि सरळ जीपमध्ये पाऊल टाकेल. फाटकावर सुपरवायझरने अडवलं.

"लोडिंगचा पास पाहिजे."

"जागा माजी हाय," केसरीनाथ म्हणाला.

"हो, पण माल आमच्या धक्क्यावरून चाललाय ना."

केसरीनाथने मुकाट्याने पास भरला. मालाच्या रकान्यात त्याने 'बहीण' लिहिलं.

रस्त्यात बायजाबाईला एकही खड्डा कळला नाही. अंबाडीच्या नाक्यावर, मांडवासमोर जीप थांबली आणि मितेशने दार उघडलं. बायजाबाईने खाली पाहिलं, आणि दार ओढून घेतलं.

"हितं धक्का खय हाय?"

अंबाडीत धक्का नव्हता. केसरीनाथने स्टेअरिंगवर डोकं टेकलं. शब्द दिला होता, बहीण आणली होती, आणि ती मांडवापासून वीस पावलांवर अडकली होती. त्याला रडू यायचं बाकी होतं.

शेवटी क्षितिजालाच पाटासकट बाहेर आणलं. जीपसमोर रस्त्यावर पाट मांडला, कलश ठेवला, बायका भोवती जमल्या. दोन्ही बाजूंच्या गाड्या थांबल्या. बायजाबाईने काच खाली केली, पदर सावरला आणि धवला सुरू केला. एरवी तिला डीजेच्या खोक्यामागे, व्हिडिओवाल्याच्या पाठीआड बसवायचे. गेली कित्येक लग्नं ती अशीच, कोणाला न दिसता गात आली होती. आज ती सगळ्यांच्या डोक्यावर होती आणि तिचा आवाज पार वाड्याच्या रस्त्यापर्यंत जात होता. अडकलेल्या ट्रकवाल्यानेही इंजिन बंद केलं. क्षितिजा वर बघत रडत होती, आणि केसरीनाथलाही, किती तरी दिवसांनी, बरं वाटलं.

रात्री परतल्यावर बायजाबाईला गोदामाच्या धक्क्यावरच उतरवलं. ते बरं वाटणं दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत टिकलं. बायजाबाईच्या ओटीवर चहा घेता घेता त्याने लडकूला फोन लावला.

"तो सगला सामान काढून टाक. गाडी व्हती तशी कर."

"थांब," बायजाबाई म्हणाली. "काल सात लग्नांचं आवतन झायलं. सगल्यांना मी गाडीतूनच पायजे. गाडी तूच चालवाची, मितेश पलवतो." तिने त्याच्या हातातून फोन घेतला.

"लडकू, आजून चार इंच व्हतील कं?"