जवळचं कारण लिहू नये

जगात जे काही घडतं त्याला कारण असतं, आणि जे कारण लगेच सापडतं त्याला विद्येच्या क्षेत्रात कवडीची किंमत नसते. हे सत्य कॉलेजच्या पहिल्या मजल्यावरच्या शैक्षणिक लेखन विभागात गेली एकोणीस वर्षं शिकवलं जातं. विभाग म्हणजे एक खोली, एक बेसिन, दोन कपाटं आणि निबंधसर. (कपाटांपैकी एक उघडत नाही. त्याची कारणं तिसऱ्या वर्षाला अभ्यासाला आहेत.)

निबंधसर म्हणजे अगदी देवमाणूस. आवाज चढवायचे नाहीत, कुणाला नापास करायचे नाहीत. त्यांनी 'कार्यकारण निबंध : लेखनपद्धती' नावाची अठ्ठेचाळीस पानांची निळी पुस्तिका लिहिली आहे आणि तिची अकरावी आवृत्ती चालू आहे. निबंधाची सुरुवात मानवजातीपासून करावी, असं ती सांगते. कारणं तीन असावीत, परिणामही तीनच. एकच कारण सांगायचं असतं ते पोलिसांना आणि लहान मुलांना. जवळचं कारण लिहू नये, कारण ते कुणालाही दिसतं, आणि जे कुणालाही दिसतं त्यासाठी इमारत बांधून कॉलेज कशाला काढायचं? प्रत्येक विधानाला संदर्भ हवा (पान २२ : 'स्वतः पाहिले' हा संदर्भ नव्हे). आणि पान १७ वर, चौकटीत, ठळक अक्षरात एकच ओळ आहे : लेखकाने निबंधात येऊ नये.

पद्धतीचा गुण आकड्यांत दिसतो. सरांनी आजवर चार हजार तीनशे बारा निबंध तपासले, त्यांपैकी चार हजार तीनशे नऊ निबंधांत बरोब्बर तीन कारणं निघाली. उरलेल्या तिघांपैकी दोघांनी शिक्षण सोडलं. तिसऱ्याने नळदुरुस्तीचा धंदा काढला, तो जोरात चालला आहे.

घरी मात्र पद्धतीची कदर नव्हती. सरांची बायको दातांची डॉक्टर. ती बिचारी जो दात दुखतो तिथूनच सुरुवात करते. एकदा दूध उतू गेलं तेव्हा सर म्हणाले, "याला तीन कारणं आहेत." ती म्हणाली, "एक आहे, आणि ते पेपर वाचत बसलंय." सरांनी हे मनावर घेतलं नाही. जवळच्या कारणावर बोट ठेवणाऱ्यांची त्यांना नेहमीच कीव यायची.

तर, मंगळवारी दुपारी दोन वाजता सरांनी चहा संपवला, कप भिजत घालावा म्हणून बेसिनला बूच लावलं, कप त्यात ठेवला आणि नळ सोडला. पाणी गेलं होतं. नळाने नुसताच सुस्कारा टाकला. तेवढ्यात घंटा झाली आणि सर नळ तसाच सोडून तासाला गेले. (तासाचा विषय : निष्काळजीपणाची सामाजिक कारणे.) तीन वाजता पाणी आलं. ते बेसिनभर झालं, खोलीभर झालं, दाराखालून बाहेर पडलं आणि जिना उतरून तळमजल्यावरच्या परीक्षा विभागात गेलं. तिथे तीन हजार कोऱ्या उत्तरपत्रिका ठेवल्या होत्या. त्या पोहायला लागल्या.

पाणी पहिल्यांदा पाहिलं ते मावशींनी. मावशी म्हणजे कॉलेज झाडणाऱ्या, कुलपं उघडणाऱ्या, चहा देणाऱ्या आणि गेली अकरा वर्षं तात्पुरत्या असलेल्या कर्मचारी. (या काळात तीन प्राचार्य कायमचे आले आणि कायमचे गेले.) मावशी धावत वर गेल्या, नळ बंद केला, बूच उपटलं. नेमके त्याच वेळी हेडक्लार्क तिथे पोचले आणि त्यांनी आपल्या वहीत नोंद केली : "दुपारी ३.४० वाजता मावशींचा हात नळावर आढळला." खाली सही केली, तारीख टाकली.

प्राचार्यांनी तातडीने पावलं उचलली. चौकशी नको, असं त्यांनी आधीच सांगून टाकलं. चौकशीत माणसं दुखावतात. त्यापेक्षा घडल्या प्रकाराची कारणं आणि परिणाम यांवर दोन हजार शब्दांचा निबंध लिहून घ्यावा, आणि कॉलेजात निबंधसरांसारखा जाणकार असताना तो दुसऱ्या कुणी का लिहावा? शुक्रवारी नियामक समितीची बैठक होती. विषय क्रमांक सहा, निबंध. विषय क्रमांक सात, मावशींना कायम करणे. सहाव्यावर सातवा अवलंबून राहील, असं बैठकीच्या पत्रात म्हटलं होतं.

बुधवारी सकाळी सर खुशीत लिहायला बसले. जेवणाच्या सुट्टीपर्यंत त्यांनी नदीकाठी वस्ती करण्याची मानवाची सवय (कारण एक), गुरुत्वाकर्षण (कारण दोन) आणि जिन्याची रचना (कारण तीन) अकरा संदर्भांसह उभी केली. इतका सुंदर निबंध आपल्या हातून कधीच झाला नव्हता, असं त्यांना वाटत होतं. तेवढ्यात मावशी आल्या आणि त्यांनी टेबलावर कप ठेवला.

"सर, तुमचा कप."

"अरे वा! कुठे मिळाला?"

"बेसिनमध्ये. बुचावरच होता. नळ बंद केला आणि धुऊन ठेवला." मावशींनी आवाज खाली आणला. "मी कुणाला काही बोलले नाही हं. म्हटलं, सर स्वतःच लिहिणार आहेत, सगळं नीट लिहितील."

कप, बूच, नळ, घंटा, सगळं सरांना एकदम आठवलं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना एकच कारण दिसलं, आणि त्या कारणाने सरांचाच शर्ट घातला होता. त्यांना मनापासून लाज वाटली. संध्याकाळी जेवताना त्यांनी बायकोला सगळं सांगितलं.

"मग सांगून टाका की समितीला," ती म्हणाली.

"असं थेट सांगता येत नाही गं. संदर्भ लागतो."

"अहो, बूच तुम्ही लावलंत, नळ तुम्ही सोडलात. संदर्भ कसला? तोंड उघडायचं आणि सांगायचं. मी दिवसाला पंचवीस माणसांना तोंड उघडायला लावते, एकानेही आजवर संदर्भ मागितला नाही."

गुरुवारी सरांनी धीर करून निबंधात एक वाक्य घातलं : "नळ मी उघडा ठेवला." निबंध तपासनीसबाईंकडे गेला. समितीपुढे जाणाऱ्या प्रत्येक कागदाचं स्वरूप या बाई तपासतात. त्या सरांच्याच विद्यार्थिनी, आणि पुस्तिका त्यांना तोंडपाठ. तासाभरात त्यांनी सरांना बोलावून घेतलं. त्या वाक्यावर लाल रेघ होती.

"सर, लेखक निबंधात आलाय. पान सतरा."

"हो, पण ते खरं आहे."

"असेल की. तुम्हाला नळ उघडा ठेवताना कुणी पाहिलं?"

"कुणीच नाही. मी एकटाच होतो."

"मग तो स्वतःचा अनुभव झाला. पान बावीस." बाईंनी अदबीने पेन खाली ठेवलं. "सर, याच चुकीबद्दल तुम्ही माझे सहा गुण कापले होते. मी घरी जाऊन रडले होते. पण त्यामुळेच आज इथे बसले आहे. आता तुमचीच चूक मी कशी चालवून घेऊ?"

बाईंचा आणखी एक आक्षेप होता. समितीला निदान एक कारण असं हवं होतं की ज्याला ठपक्याचं पत्र देता येईल. गुरुत्वाकर्षणाला पत्र कुठल्या पत्त्यावर धाडायचं? म्हणून जिना काढून तिसऱ्या जागी त्यांनी हेडक्लार्कांची नोंद घेतली होती. तिला वेळ होती, तारीख होती, सही होती. संदर्भ असा असावा, असं खुद्द सरांनीच पान २३ वर म्हटलं आहे.

"अगं, पण मावशी नळ बंद करत होत्या!"

"तसं नोंदीत नाही ना, सर."

पण सर हार मानणाऱ्यांतले नव्हते. शुक्रवारी लेखकाला समितीपुढे पाच मिनिटं बोलायची संधी होती. बोलण्याला पान सतरा लागू नव्हतं. त्यांनी चिठ्ठीवर एक ओळ लिहिली, 'नळ मी उघडा ठेवला, मावशींनी बंद केला', बायकोसमोर ती सात वेळा म्हणून दाखवली आणि चिठ्ठी वरच्या खिशात घातली. दारात बायको म्हणाली, "एक वाक्य आहे. म्हणा आणि खाली बसा."

समितीच्या खोलीत लांब टेबल, नऊ सदस्य, एक घंटा. सर उठले, घसा साफ केला आणि म्हणाले, "माननीय सदस्यहो, प्राचीन काळापासून मानव आणि पाणी यांचं नातं..."

आपण हे काय बोलतोय, हे त्यांना कळत होतं. पण एकोणीस वर्षांत त्यांनी कुठलंच वाक्य मानवजातीला वगळून सुरू केलं नव्हतं. पहिलं मिनिट नदीकाठी गेलं. दुसऱ्यात मातीचे नळ आले, तिसऱ्यात तांब्याचे. चौथ्या मिनिटाला दार उघडून मावशी चहाचा ट्रे घेऊन आत आल्या आणि सरांकडे बघून हळूच हसल्या. सगळं सोडून थेट चिठ्ठीवर यावं, असं त्यांना फार फार वाटलं, पण गुरुत्वाकर्षणाचे दोन संदर्भ अजून शिल्लक होते. ते त्यांनी भराभर दिले. हात खिशाकडे गेला.

"आणि तिसरं, खरं म्हणजे सर्वांत महत्त्वाचं कारण असं की..."

घंटा वाजली.

"छान, छान," अध्यक्ष म्हणाले. "तिसरं कारण आमच्यापुढे लेखी आहेच."

सर खाली बसले. (बसलेल्या माणसालाही बोलता येतं, असं शरीरशास्त्र सांगतं. पण घंटेनंतर बोलू नये, असं पान ३१ सांगतं.) निबंध टाळ्यांच्या गजरात मंजूर झाला. विषय क्रमांक सात चाळीस सेकंदांत संपला. तात्पुरत्या कर्मचाऱ्याला काढण्यासाठी कारण द्यावं लागत नाही, तरीही समितीने मोठ्या मनाने एक दिलं.

संध्याकाळी मावशी किल्ल्यांचा जुडगा परत करायला विभागात आल्या. एकेका किल्लीवर चिकटपट्टी लावून त्यांनी खोलीचा नंबर लिहून आणला होता, नव्या माणसाचे हाल नकोत म्हणून.

"सर, काय सुंदर बोललात! मला आपलं वाटत होतं, आता सांगतील, आता सांगतील."

"वेळ कमी पडला हो, मावशी."

"हो ना. पाचच मिनिटं देतात मेले." मावशी जायला निघाल्या, दारातून परत फिरल्या आणि बेसिनचा नळ घट्ट बंद आहे ना, ते बघून गेल्या.

या घटनेचे परिणाम तीन झाले. परीक्षा आठ दिवस पुढे गेली, जिना कधी नव्हे तो स्वच्छ निघाला आणि निबंध आदर्श नमुना म्हणून पुस्तिकेच्या बाराव्या आवृत्तीत छापला गेला. मावशी हा चौथा परिणाम होतो, आणि परिणाम तीनच घ्यायचे असतात. चिठ्ठी धोब्याकडून धुऊन आली. आता ती पूर्ण कोरी आहे.

बाराव्या आवृत्तीत नमुन्याखाली स्वाध्याय दिला आहे. विद्यार्थ्यांसाठीचा पहिला प्रश्न, 'पाणी का सांडले?', आतापर्यंत तीनशे ऐंशी जणांनी सोडवला आणि एकही चुकला नाही. दुसरा प्रश्न खास वाचकांसाठी आहे. नळ कुणी उघडा ठेवला, हे ज्यांना मंगळवारी दुपारी दोन वाजल्यापासून ठाऊक होतं, त्यांच्यासाठी. आपापल्या कचेरीत, सोसायटीत, घरात कुठला नळ कुणी उघडा ठेवला आणि पत्र कुणाला गेलं, हेही ज्यांना नीट माहीत आहे, त्यांच्यासाठी. प्रश्न सोपा आहे : आपण त्या वेळी गप्प का बसलो, याची तीन कारणं लिहा. सुरुवात मानवजातीपासून करावी. जवळचं कारण लिहू नये.