कुत्र्यांना ‘अहो’ म्हणणाऱ्या खंदारेबाई

खंदारेबाई कुत्र्यांना ‘अहो’ म्हणत.

मी ते पहिल्यांदा ऐकलं तेव्हा नोकरीवर हजर व्हायला आलो होतो आणि नुकताच एसटीतून उतरलो होतो. सकाळची वेळ. सडकेच्या कडेला, पायात पांढरे कॅनव्हासचे बूट आणि पदर कमरेला घट्ट खोचलेला, अशा एक बाई उभ्या होत्या. कुणाला तरी अदबीनं सांगत होत्या, “अहो, थांबा जरा. मी आपली जाणारच हाय. उगं कशाला तरास करून घ्यायलाव?”

मला वाटलं, नवराबायकोचं काहीतरी चाललंय. मान खाली घालून निघणार, तोच त्यांच्या पुढ्यातलं वासराएवढं कुत्रं माझ्याकडं बघून भुंकलं. मी वळकटी सांभाळत जो पळालो तो शाळेच्या फाटकातच थांबलो.

तासाभरानं त्याच बाई शिक्षकांच्या खोलीत भारताचा नकाशा गुंडाळत बसलेल्या दिसल्या. “मी खंदारे. भूगोल शिकवते,” त्या म्हणाल्या. “तुमी नवे सर ना? मघाशी पळालाव. पळायचं नसतं.”

एवढीच आमची ओळख. माणसांशी बाई एवढंच बोलत.

परभणीजवळच्या झरीपासून तीन-चार मैलांवरचं ते गाव. बहात्तरचा दुष्काळ नुकताच सरला होता. त्या गावात बाईमाणूस पळालंच, तर म्हशीच्या मागं नाहीतर एसटीच्या मागं. चाळिशीच्या खंदारेबाई मात्र रोज उजाडता उजाडता ओढ्यापर्यंत पळत जात आणि पळत येत. कुणी कारण विचारलं की म्हणत, “बसणाऱ्याला कुणी इचारतं का, कामून बसलाव म्हणून?”

पळण्यापेक्षा त्यांचा जनावरांचा अभ्यास दांडगा होता. वाटेवरच्या प्रत्येक कुत्र्याच्या मालकाकडं जाऊन त्या सांगत, “तुमच्या कुत्र्याला माझं नाव सांगा.” आणि मालक खरोखर कुत्र्याला बोलावून नाव सांगेपर्यंत हलत नसत. भूगोलाच्या तासाला गंगा-गोदावरी अर्ध्यात सोडून त्या मुलांना सांगत, “कुत्रं दिसलं की पळणं बंद, चालणं सुरू. डोळ्याला डोळा द्यायचा न्हाई. पाठ फिरवायची न्हाई. लयच अंगावर आलं तर खाली वाकायचं. दगड नसला तरी वाकायचं. हातात दगड हाय का न्हाई, ते त्याला कुठं माहीत?” रानडुकरिणीसोबत पिल्लं असली तर वाट तिची, आपण लांबून जायचं. कोल्हा माणसाला बघून पळाला तर तो शहाणा. जवळ आला तर पिसाळलेला, त्याला अहो-जाहो करत बसायचं नाही.

एकदा बाई शाळेत आल्या त्या दोन्ही हात ओरबाडलेले. असा एक कोल्हा आडवा आला म्हणून झाडावर चढल्या होत्या, आणि झाड निघालं बाभळीचं.

“दुसरं झाड नव्हतं का?” मी विचारलं.

“निवडायला वेळ नव्हता,” असं म्हणून त्यांनी खडू उचलला.

आम्ही शिक्षक त्यांच्या मागं हसायचो. इंदूचं प्रकरण झालं आणि आमचं हसणं थांबलं.

इंदू सहावीत होती. तिचे आईबाप शेतातल्या आखाड्यावर, म्हणजे रानातल्या वस्तीवर राहायचे. तिथून शाळेची वाट माणिकराव पाटलांच्या शेतातून. त्यांच्या राखणीच्या दोन कुत्र्यांपैकी एकानं तिची पोटरी फोडली. परभणीच्या दवाखान्यात पोटात चौदा सुया घेऊन पोरगी घरी आली आणि बाप म्हणाला, “शाळा बास.” त्याच वाटेनं येणाऱ्या आणखी दोघी घरी बसल्या.

बाई माणिकरावांकडं गेल्या. मी सोबत होतो. माणिकराव बाजेवरून उठले नाहीत.

“शाळा भरायच्या अन् सुटायच्या वक्ताला तेवढी कुत्री बांधा,” बाई म्हणाल्या.

“राखणीची कुत्री हायेत. बांधल्यावर राखण तुमी करताव का? अन् मला वेळ सांगणाऱ्या तुमी कोण?”

‘तुमी कोण’ म्हणजे काय ते आम्हा तिघांनाही समजलं. बाईंचं मूळ घर कोणत्या वस्तीतलं, बाबासाहेबांच्या मागून कुणी धर्म बदलला, हे गावात कुणाला सांगावं लागत नसे. बाई तिथूनच माघारी वळल्या. मला वाटलं, आता तक्रार करतील.

दुसऱ्या दिवशी त्यांनी पळायची वाट बदलली. ओढ्याऐवजी माणिकरावांच्या बांधावर जायला लागल्या. कुत्री भुंकत धावून आली की थांबायचं, हात अंगासरशी धरायचे आणि म्हणायचं, “अहो, मी हाय. खंदारे.” मग पाठ न दाखवता, एकेक पाऊल मागं घेत परत. उद्या पुन्हा, दोन पावलं पुढं. एके दिवशी एका कुत्र्यानं साडीचा काठ फाडला. मधल्या सुट्टीत बाईंनी तो शिवला आणि दुसऱ्या सकाळी तीच साडी नेसून गेल्या. मी म्हणालो, “बाई, चावलं तर?” म्हणाल्या, “तर इंदूला सोबत होईल.”

पंधरवडा उलटला असेल. पुढचं मला माणिकरावांनीच चहाच्या हॉटेलात सांगितलं. “रोज सकाळी कालवा असायचा, सर. त्या दिवशी चुप्प. म्हणलं, आवाज कामून न्हाई? बाहेर येऊन बघतो, तर दोन्ही कुत्री बाईच्या पायाशी लोळायलेत. जनावराला बाई वळखू आली अन् मला आली न्हाई. लाज वाटली.”

त्या दिवसापासून शाळेच्या वेळेला कुत्र्यांच्या गळ्यात साखळ्या आल्या. इंदूच्या बापाची समजूत मात्र त्यानं पटेना. मग पहिला आठवडाभर बाई स्वतः आखाड्यावर जाऊन तिन्ही पोरींना घेऊन आल्या. आधी चालत आणि चौथ्या दिवसापासून पळत.

त्या हिवाळ्यात बाई तापानं पडल्या. चौथ्या दिवशी हेडमास्तरांनी मला त्यांच्याकडं पाठवलं. गावाच्या अगदी कडेला त्यांची भाड्याची एक खोली होती. बाई चादर गुंडाळून पलंगावर बसल्या होत्या. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर मी बरेच दिवस मनात असलेलं विचारलं, “बाई, तुम्हाला कुत्र्यांची भीती नाहीच वाटत का?”

“लय वाटते. रोज वाटते.”

“मग?”

त्यांनी चादर अंगाभोवती ओढून घेतली. “मी आले तवा पहिलं वरीसभर वर्गाबाहेर कुणी बोलायचं न्हाई, सर. समोरून गेलं तरी बघायचं न्हाई. कुत्री तेवढी भुंकायची. वाटायचं, चला, आपण आलो हे कुणाला तरी कळलं.”

तेवढ्यात दार वाजलं. माणिकरावांच्या मंडळी, गयाबाई, उभ्या होत्या. पदराआड दुधाचा तांब्या.

“तीन-चार दिवस झाले, कुत्री सकाळी बांधावर जाऊन बसायलेत,” त्या म्हणाल्या. “मालक म्हणले, बाईला बघून ये.”

उंबऱ्यापाशी त्या जराशा थांबल्या. मग आत आल्या आणि पलंगाजवळ खाली बसल्या.

बाईंची एकदम धांदल उडाली. आम्ही नको नको म्हणत असताना उठल्या, स्टो पेटवला, त्याच दुधाचा चहा टाकला. चहा उकळला आणि बाई फळीपाशी नुसत्याच उभ्या राहिल्या. फळीवर एक ताट, एक वाटी, एक पेला आणि एक कप होता. आठ वर्षं त्या या गावात होत्या.

“सर, जरा शेजारून...” बाई हळू आवाजात म्हणाल्या.

“कशाला?” गयाबाई म्हणाल्या. “एकात भागतंय की. तुमी घ्या अदुगर. अंगात ताप हाय.”

बाईंनी चहा घेतला आणि कप विसळायला मोरीकडं वळल्या. गयाबाईंनी तो त्यांच्या हातातून तसाच काढून घेतला, स्वतःसाठी त्यात चहा ओतला आणि फुंकर घालत प्यायला लागल्या. बाई त्यांच्याकडं बघत राहिल्या.

मग त्यांना माझी आठवण झाली. “सर, तुमाला?”

दिवसाला सहा कप पिणारा मी, पण त्या दोघींच्या कपात तिसरा नको, असं वाटलं. म्हणालो, “मी चहा घेत नाही,” आणि बाहेर ओट्यावर जाऊन बसलो. आत दोघी बराच वेळ बोलत होत्या.