कोंडेवाडीला गाडी थांबली

"सुपरफास्ट हाय ती, हणमंता! गावोगाव थांबाया ती काय दुदाची गाडी हाय का?" इसूफनं चहाचा घोट घेऊन विचारलं.

"पयली पॅसेंजर थांबत हुती की! ती बंद झाली, मग हिनं थांबाया नगो?"

"कशाला थांबावं? माजी जीप हाय की दारात."

"तुजी जीप! मानूस आत बसतो त्यो मानूस म्हनून, आन् उतरतो त्यो लोनचं हून!"

कोंडेवाडीच्या टपरीवर हे भांडण रोज व्हायचं. हणमंत गावचा किराणा दुकानदार आणि स्वयंघोषित प्रवासी संघटनेचा अध्यक्ष. इसूफ सोलापूरपर्यंत वडाप चालवायचा, म्हणजे जीपमध्ये सीटवर पैसे घेऊन माणसं कोंबून न्यायचा. दोघं एकमेकांशिवाय चहा पीत नसत आणि भांडल्याशिवाय तो संपवत नसत. अर्ज, निवेदनं, शिष्टमंडळं सगळं करून झालं होतं. गाडी मात्र रोज स्टेशनातली धूळ उडवून, गावाकडे ढुंकूनही न बघता सोलापूरकडे निघून जायची.

शेवटी हणमंतनं आंदोलन जाहीर केलं. रुळावर कुणी उतरायचं नाही. गाडी जाताना फलाटावर उभं राहून काळे झेंडे दाखवायचे, घोषणा द्यायच्या, बस्स. वाड्यावस्त्यांवरची माणसं एवढ्या लांब चालत यायला तयार नव्हती, म्हणून ती आणण्याचं काम इसूफच्याच जीपला मिळालं.

"तत्त्व येगळं, धंदा येगळा," माणसं उतरवताना इसूफ म्हणाला आणि गंमत बघायला जीपच्या बॉनेटवर बसला.

हणमंतची आत्या चंद्रव्वाही आली होती. ती कडक भाकरी आणि शेंगाचटणी घेऊन सोलापूरला विकायला जायची. आंदोलन उरकलं की इसूफच्या जीपनं जायचं, या हिशेबानं तिनं डोक्यावरची पाटी खालीसुद्धा ठेवली नव्हती.

लांबून गाडी दिसली. हणमंतनं मूठ वर केली. "थांबा द्या!"

"मिळालाच पाहिजे!" गाव ओरडलं.

आणि गाडी हळू झाली.

पुढे एक मालगाडी रेंगाळत चालली होती, म्हणून सिग्नल लाल पडला होता. पण फलाटावरून सिग्नल कुणाला दिसतोय? लोकांनी एवढंच पाहिलं की हणमंतनं मूठ वर केली आणि एवढी मोठी गाडी दम खात, रुळांवर करकरत, त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली.

घोषणा जागच्या जागी विरल्या. इतकी वर्षं गाडी म्हणजे एक भुर्रकन जाणारा आवाज होता. आज तिला दारं होती, पायऱ्या होत्या, काळ्या काचा होत्या. त्या काचांत अख्खी कोंडेवाडी दिसत होती, हातात काळे झेंडे घेतलेली. लोकांनी ओशाळून झेंडे पाठीमागे लपवले. म्हातारा ज्ञानबा पुढे झाला आणि बैलाच्या पाठीवर फिरवावा तसा त्यानं डब्यावरून हात फिरवला.

"गार लागतंया," तो हळूच म्हणाला.

"हणमंता," मागून कुणीतरी कुजबुजलं, "थांबली की रं. आता फुडं काय?"

हणमंतला पुढचं काहीच ठाऊक नव्हतं. गाडी न थांबल्यावर करायचं भाषण त्याच्याजवळ तयार होतं. थांबलेल्या गाडीसमोर काय बोलायचं, ते त्यानं योजलंच नव्हतं. त्याचा स्वतःच्या मुठीकडे बघण्याचा धीर होईना.

"तोंडं काय बगताय?" चंद्रव्वा म्हणाली. "थांबा मिळाला न्हवं? मग बसा की!" आणि ती पाटी सावरत सरळ एसी डब्यात चढली.

"आत्ती! उतर खाली!" हणमंत तिच्यामागे धावला. तो पायरी चढून आत गेला, तिच्या पाटीला हात घातला, आणि गाडीला हिसका बसला. दारापर्यंत येईतो फलाट पळायला लागला होता. खाली इसूफ जीपकडे पळत ओरडत होता, "थांब! आत्तीला धरून ठेव! म्या आलो मागनं!"

आत पंखा दिसत नव्हता तरी अंगावर गारवा येत होता. चंद्रव्वा खिडकीजवळच्या रिकाम्या जागेवर बसलीसुद्धा होती. हणमंतनं तिच्या खांद्यावरून बाहेर पाहिलं. त्याचं दुकान, शाळा, देऊळ, पाण्याची टाकी, सगळं एका खिडकीत मावलं आणि निघूनही गेलं. ज्या गावासाठी तो एवढा भांडला, ते बघायला गाडीला डोळ्याची पापणी लवण्याइतकाही वेळ लागला नाही. त्याला राग यायला हवा होता, पण वाटलं भलतंच. काय वेग! काय रुबाब!

"तिकीट?" मागून टीसींचा आवाज आला.

"आमी... आंदोलक हाय," हणमंत म्हणाला.

"असा कोटा नाही आपल्याकडं," टीसी म्हणाले आणि दोघांची दंडासकट पावती फाडली.

तेवढ्यात तांबेवाडी आली आणि गाडी पुन्हा थांबली. मालगाडी अजून पुढेच होती. या वेळी गाडी थांबली ती हलेचना. डब्यात कुरबूर सुरू झाली.

"मागच्या गावात कायतरी आंदोलन होतं म्हणे," एक गृहस्थ चिडून म्हणाले. "प्रत्येक गावाला थांबा पाहिजे यांना! मग सुपरफास्ट कशाला म्हणायचं?"

हणमंतच्या हातात अजून काळा झेंडा होता. त्यानं तो घाईघाईनं काठीवरून काढला आणि त्याच कापडानं तोंड पुसायला लागला.

समोरच्या बाकावर माढ्याची नाजनीन बसली होती. तिची नर्सिंगची प्रवेशपरीक्षा होती. ती एकदा घड्याळ बघत होती, एकदा खिडकी. "काका," ती रडवेली होऊन म्हणाली, "उशीर झाला तर आत सोडणार नाहीत. गाडी कधी सुटंल?"

गाडी आपण थांबवली नाही, हे हणमंतला आता चांगलंच कळलं होतं. पण मघाशी फलाटावर, क्षणभर का होईना, आपणच थांबवली असं वाटून त्याची छाती फुगली होती. त्या क्षणाचा हिशेब कुणीतरी मागतंय असं त्याला झालं.

"सेंटर कुटं हाय तुजं?"

"सोलापूरच्या अलीकडं, हायवेला. स्टेशनवरून परत मागं यावं लागतं."

खिडकीतून रस्ता दिसत होता आणि रस्त्यावरून धुरळा उडवत इसूफची जीप येत होती. हणमंत दारात जाऊन, टपरीवर कधी ओरडला नसेल एवढ्या मोठ्यानं ओरडला, "इसूफ! थांब! हितं थांब!"

प्रवासी संघटनेच्या अध्यक्षानं रेल्वेतला प्रवासी उतरवून वडापमध्ये बसवला. ते बघून आणखी चौघं बॅगा घेऊन उतरले. मघाचे चिडलेले गृहस्थही त्यांत होते. ते इसूफच्या शेजारी दाटीवाटीनं बसले.

"आत्ती, चल!" हणमंतनं हाक मारली.

"म्या न्हाय," चंद्रव्वा आतून म्हणाली. "पावती फाडलीया माजी. तू जा वडापनं."

जीप निघाली. जरा पुढे गेली आणि फाटक पडलं. फाटकाच्या अलीकडे जीप उभी राहिली आणि मागून शिटी ऐकू आली. मालगाडी बाजूला गेली होती. नाजनीननं मान बाहेर काढून पाहिलं.

"काका," ती म्हणाली, "ही आपलीच गाडी हाय."

रूळ थरथरले, जमीन थरथरली, आणि गाडी त्यांच्या डोळ्यांसमोरून गेली. एका खिडकीत चंद्रव्वा होती. राणीसारखी ताठ बसलेली, समोर बघणारी. तिला हे लोक दिसलेही नाहीत. शेवटचा डबा गेला तरी जीपमधली सगळी माणसं तोंड उघडं टाकून तिकडेच बघत होती. एकट्या इसूफचं बोट हॉर्नवर होतं, पण त्यानंही तो वाजवला नाही.

"काय पळतीया रं!" हणमंत भारावून म्हणाला.

"व्हय," इसूफ म्हणाला. "आपल्याला सोडून."

मग फाटक उघडलं आणि इसूफनं जीप अशी हाकली की गृहस्थांनी डोळेच मिटून घेतले. परीक्षा केंद्राचं गेट शिपाई लोटतच होता, तेवढ्यात नाजनीन त्यातून आत शिरली. आतून तिनं वळून हात हलवला. हणमंतनं हातातलं काळं फडकं हलवलं.

बाकीच्यांना वाटेत उतरवून हणमंत आणि इसूफ सोलापूर स्टेशनात पोचले तेव्हा गाडी रिकामी झाली होती. फलाटावर चंद्रव्वा कुठेच नव्हती. डबे शोधत शोधत ते चालले, तर ती होती तिथेच, खिडकीपाशी, पाय वर घेऊन बसलेली. पाटी रिकामी झाली होती. अडकलेल्या भुकेल्या माणसांनी सगळ्या भाकरी उचलल्या होत्या.

"आत्ती, गाव पालथं घातलं आमी! उतर की!"

"बस जरा," ती म्हणाली. "मगाशी तू धड बसलाच न्हाईस."

हणमंत बसला. इसूफ दारातच घुटमळला. इतकी वर्षं जीप चालवून त्याची कंबर मोडली होती, पण असल्या डब्यात तो कधी चढला नव्हता. त्यानं सीटवरून हात फिरवला, टेकला, मग हळूहळू मागं रेलला. अंगावर गारवा आला. त्याचे डोळे मिटले. हणमंत आणि चंद्रव्वा काचेतून सोलापूर बघत राहिले.

झाडूवाला आत आला. "चला मामा, उतरा. गाडी यार्डात चाललीया."

इसूफनं डोळेही उघडले नाहीत.

"एवडी काय गडबड हाय?" तो म्हणाला. "थांबू द्या की जरा!"