भुपेंद्रच्या जीपची दाबाची हवा

नवरदेव जीपमध्ये बसला, दार लागलं, आणि मागच्या सीटवरून अल्कानं आपल्या नवऱ्याला, भुपेंद्रला हुकूम सोडला, "लावा जी आता एसी."

भुपेंद्रनं ऐकूच आलं नाही असं तोंड केलं.

"एसी लावा म्हणलं ना! हिमांशुचा मेकअप चालला."

"खिडकी उघड ना थोडी. बाहेर मस्त वारा आहे."

बाहेर मे महिना होता. सकाळचे साडेनऊ वाजले होते आणि कुडव्याच्या रस्त्याचं डांबर आतापासूनच चपलांना चिकटत होतं.

नवरदेव हिमांशु हा अल्काचा एकुलता एक भाऊ. लग्न सडक अर्जुनीला, बारा वाजून दहा मिनिटांनी. नवरदेवाला कोणाच्या गाडीतून न्यायचं यावर माहेरी महिनाभर खल चालला होता. शेवटी चुलत बहिणीच्या बिनएसीच्या गाडीला अल्कानं नाक मुरडून बाद केलं. "माझा भाऊ घामाचा थेंब न येता मांडवात उतरंल," असं तिनं भर बैठकीत सांगून टाकलं. भुपेंद्रनं तेव्हाच तोंड उघडायला हवं होतं, कारण एसी त्यानं फेब्रुवारीतच मारला होता.

झालं असं की मोबाइलवर त्याला एक गोरा माणूस दिसला. त्या माणसानं गाडीच्या एसीचा गॅस काढून टाकला, कॉम्प्रेसरच्या एका तोंडाला जाळी लावली, दुसऱ्या तोंडाची नळी एका टाकीला जोडली आणि टाकीतून चाकात हवा भरून दाखवली. इंजिन चालू, की गाडीतच हवा तयार. त्या माणसाच्या चारी बाजूंना वाळवंट होतं. कुडव्यात दर शंभर पावलांवर पंक्चरवाला बसतो, आणि भुपेंद्रची जीप उभ्या आयुष्यात गोरेगावच्या पलीकडे दोनदाच गेली होती. पण अक्कल ही वस्तू भुपेंद्र फक्त दुसऱ्याला द्यायला ठेवायचा. त्यानं भंगारातून ट्रकची हवेची टाकी आणली आणि आठ दिवस जीपखाली झोपून तो पराक्रम केला.

गॅस गेला की कॉम्प्रेसरला तेल वरून पाजावं लागतं. कोणतं, ते गोरा माणूस सांगत होता, पण इंग्रजीत. भुपेंद्रनं स्वयंपाकघरातलं जवसाचं तेल पळीभर ओतलं. आज तर गाडी नवरदेवाची, म्हणून मानाचं अर्धा लोटा ओतलं होतं.

"बिघडला काय एसी?" पुढच्या सीटवरून देवीदासमामांनी विचारलं. ते नवरदेवाचे मामा, म्हणजे मुहूर्ताचे मालक.

"बिघडला नाही, मामाजी. सुधारला," भुपेंद्र म्हणाला आणि त्यानं सगळं सांगितलं.

मग अल्का म्हणाली, "तुमाले माझं नाक कापाले दुसरा दिवस नाही भेटला?"

"अवो, पण हवा बघशील तर..."

ती बघायची वेळ गोरेगावजवळ आली. वऱ्हाडाच्या बसचं एक चाक बसलं होतं. भुपेंद्रनं उडी मारून नळी काढली आणि चाक फुगवलं. वऱ्हाडातल्या चार जणांनी वाहवा केली. झालं! मग त्यानं मागून आलेल्या दोन मोटारसायकली थांबवून त्यांच्यात हवा भरली. त्यांना नको होती तरी भरली. एका म्हाताऱ्याची सायकलही त्यानं सोडली नाही.

"मुहूर्त काय चाकात भरून ठेवला काय बे?" मामा ओरडले. "अकरा वाजून राहिले!"

इकडे शेरवानीतला हिमांशु विरघळत होता. गालावरची पावडर गळ्यात उतरली होती. कोहमाऱ्याच्या अलीकडे तो म्हणाला, "जीजाजी, मले चक्कर येऊन राहिली."

"थांब! दाबाची हवा थंड राहते. चाकातून सोडली की बोटाले गार लागते, नाही काय?"

त्यानं हिमांशुला रस्त्याच्या कडेला उभं केलं, नळी त्याच्या तोंडासमोर धरली आणि नळीची चावी पूर्ण उघडली.

फस्सकन हवा सुटली. फेटा उडाला तो पलीकडच्या धानाच्या बांधीत. आणि हवेमागून, सकाळपासून आत दबून बसलेलं अर्ध्या लोट्याचं तेल निघालं. हिमांशु कपाळापासून मोजडीपर्यंत जवसाच्या तेलानं चकाकू लागला. खोटं वाटेल, पण समोरून येणाऱ्या ट्रकवाल्यानं ऊन डोळ्यात गेलं म्हणून हात आडवा धरला.

देवीदासमामा डोक्याला हात लावून दगडावर बसले. "अरे, काल हळदीत पाच सवाशिणींनी तेल उतरवलं त्याचं! उतरलेलं तेल परत चढलं म्हणजे हळद परत लावा लागते. मुलीवाले मांडवात घेतील काय आता?"

"सांगू नोका ना कोणाले," भुपेंद्र म्हणाला. हे दिव्यासारख्या लखलखणाऱ्या माणसाबद्दल.

बाराला पाच कमी असताना जीप मांडवासमोर उभी राहिली. हिमांशु उतरला आणि बँड आपोआप बंद पडला. अल्कानं पदरात तोंड लपवलं. मुलीचे वडील ईश्वरदास पुढे आले ते तसेच थबकले. सगळ्यांना बाजूला सारत मुलीची आजी कुसुमबाई आली. तिनं नवरदेवाच्या गालावरून बोट फिरवलं आणि नाकाशी नेलं.

"जवसाचं?"

"हो जी," हिमांशु कसाबसा म्हणाला.

"घाण्याचं?"

"एकदम शुद्ध, आजी!" भुपेंद्र मधेच बोलला.

कुसुमबाई आपल्या लेकाकडे वळली. "पाहा गा, ईश्वरदास! याले म्हणतात रीत. पोरगा अंगभर घाण्याचं तेल लेऊन आला, अन तू माझ्या नातीले पाकिटातलं तेल चढवलं! मले सांगतलं, घाणा बंद आहे!"

"माय, मुहूर्त..."

"मुहूर्त गेला खड्ड्यात. आण तेल. नवरीची हळद परत होईल."

परत हळद लावण्याचा जो उशीर भुपेंद्रच्या डोक्यावर फुटायचा, तो मुलीवाल्यांच्या डोक्यावर फुटला. ईश्वरदासनं हात जोडून दोन तासांच्या उशिराची माफी मागितली. भुपेंद्रला कूलरसमोरची खुर्ची आणि गळ्यात हार मिळाला. हार पडताच तो म्हणाला, "आमच्या घराण्यात मशीननंच चढवतात तेल. एकसारखं बसते."

"मंग मशीननंच चढवा!" कुसुमबाई म्हणाली.

पाच मिनिटांत मांडवामागच्या नवरीच्या खोलीपर्यंत जीपची नळी पोचली. बायका बाजूला झाल्या. दार आतून लागलेलं होतं.

"डिंपल बेटा, उघड," ईश्वरदास म्हणाले. "पाव्हणे तेल घेऊन आले."

आतून आवाज आला, साऱ्या मांडवाला ऐकू जाईल असा. "बाबा, मी सकाळी सहापासून तयार होऊन राहिली. तो पाइप घेऊन जो आत येईल ना, त्याच्याच कानात घालून चालू करीन. अन त्या तेलकट माणसाले म्हणा, आंघोळ करून ये, मंग माळ घालीन."

भुपेंद्र हळूहळू नळी गुंडाळू लागला.

हिमांशुनं कपाळावरचं तेल बोटानं निपटलं आणि मामांच्या कानाशी वाकला.

"मामा, दोन तास काय, चार तास थांबू. हीच पायजे."