गावंडेकाकांचा मांडव

गावंडेकाकांनी अख्ख्या नोकरीत भिंतीला एक खिळा ठोकला नाही. तुम्ही म्हणाल, यात काय सांगण्यासारखं? त्यांच्या सेक्टर दोनच्या क्वार्टरमध्ये एकदा जेवायला गेला असता, म्हणजे कळलं असतं. कॅलेंडर दाराच्या कडीला लटकलेलं, त्यामुळे दार उघडं असलं की एकादशी कधी आहे ते फक्त दारामागच्या झाडूला माहीत. घड्याळ ताटांच्या रांगेत उभं. लग्नाचा फोटो फ्रिजवर टेकवलेला, आणि फ्रिजचं दार जरा जोरात लावलं की नवरा-नवरी दोघंही तोंडावर. सुमनकाकू फोटो उभा करता करता म्हणायच्या, "माहा सगळा संसार भिंतीले टेकून उभा हाय, बाई. ठोकून काईच नाई."

काकांचं उत्तर ठरलेलं. "जे उद्या काढा लागन, ते आज ठोका कायले?"

त्यांची नोकरी भिलाईच्या पोलाद कारखान्याच्या टाउनशिपमध्ये, देखभाल खात्यात होती. कोणी रिटायर झालं, क्वार्टर सोडून गेलं, की ते रिकामं घर बघायला काका जाणार. नळ, खिडक्या, भिंती. भिंतीवरच्या भोकांवरून ते माणसं ओळखायचे. इथे देव होते. इथे पोरीचा आरसा होता, बघा किती खाली आहे. "मानूस जाते, भोक राहते," असं म्हणून चहाचा घोट घ्यायचे, आणि समोरच्याला चहा गोड लागेनासा व्हायचा. माझे बाबा त्यांच्याच खात्यात, म्हणून हे सगळं मी फ्रॉक घालायच्या वयापासून ऐकत आले आहे.

आता भिलाईतच, रुआबांध्यात, आमची घरं शेजारी शेजारी आहेत. रिटायर झाल्यावर काकांनी इथे स्वतःचं घर बांधलं. वास्तुशांतीच्या दिवशी काकूंनी हातोडी आणि पिशवीभर खिळे पूजेच्या तबकाशेजारीच ठेवले होते. काकांनी हातोडी उचलली. नव्या भिंतीवरून हात फिरवला. आणि हातोडी खाली ठेवून म्हणाले, "पाहू." ते 'पाहू' इतकं लांबलं की काकूंनी शेवटी त्या पिशवीत कांदे ठेवायला सुरुवात केली.

मग प्राजूचं लग्न ठरलं. प्राजू म्हणजे यांची एकुलती एक लेक. मुलगा पुण्यात नोकरीला, घर अमरावतीचं. आमच्या इथे आजकाल सगळी लग्नं लॉनवर होतात. पण काकू अडून बसल्या. "जल्मभर दुसऱ्याच्या घरात राहिली मी. माह्या पोरीचा मांडव माह्याच दारात टाकाचा." बस. काकूंनी आयुष्यात एवढी एकच गोष्ट मागितली असेल.

व्याही मात्र मोठे खटपटे निघाले. त्यांनी फोनवर सांगितलं, "मे महिना हाय, गावंडेसाहेब. वारा-वावधान सुटते. मांडव उडला तं माहं वऱ्हाड कोठी बसन? मी एक दिवस आधी येतो. पक्का दिसला तं ठीक, नाईतं दुर्गले लॉन सांगून ठेवतो."

आता आली का पंचाईत! दुसरा कोणी असता तर चांगला टेन्टवाला गाठून मोकळा झाला असता. काकांनी काय करावं? लगीनसराईत भिलाईतल्या ओळखी-बिनओळखीच्या लग्नांना जाऊन, जेवणाच्या आधी, मांडवाचा एकेक खांब हलवून आले. एका ठिकाणी नवरीच्या मामानं हटकलं, तर म्हणाले, "तुमी जेवा जी, मी पाहून राहिलो." घरी येऊन निकाल दिला, "सगळं सुतळीवर उभं हाय. मांडव मीच ठोकतो."

"तुमी?" काकूंच्या हातातलं लाटणं तिथंच थांबलं. "कॅलेंडर तं ठोकलं नाई कधी!"

पण काकांनी मोबाइलवर काहीतरी पाहिलं होतं. परदेशातला कोणी बाबा हातात बंदुकीसारखं यंत्र घेऊन लाकडाचं अख्खं घर उभं करतोय. यंत्राला मागे रबरी नळी, नळीला कॉम्प्रेसर. नाक लाकडावर टेकवायचं, घोडा दाबायचा, ठाक! बोटाएवढा खिळा हवेच्या जोरानं आरपार. काका ते बघत जेवायचे, ते बघत झोपायचे. प्राजू फोनवर मैत्रिणीला सांगत होती, "यार, लोग बेटी की शादी में गहने देखते हैं, मेरे पापा गन देख रहे हैं."

ती बंदूक घ्यायला शेजारच्या दुर्गला त्यांना मीच माझ्या स्कूटीवरून नेलं. माझी हौस! दुकानदारानं आधी एक छोटी, गोंडस दाखवली. फर्निचरच्या पट्ट्या मारायची. काका म्हणाले, "हे तं टाचण्या मारते." मग मोठी आली, चौकटी ठोकायची.

"अंकल, इससे तो लोग लकड़ी के मकान बनाते हैं. आपको क्या बनाना है?"

"शादी का मंडप."

दुकानदारानं माझ्याकडे पाहिलं. मी दुकानातल्या नळाच्या तोट्यांकडे पाहिलं.

काकांनी बंदूक हात लांब करून धरली. आणि धरूनच उभे. दुकानदाराचा चहा आला, पिऊन झाला, काकांचा हात तस्साच. "वर चढून माराची हाय. जड पडली तं इथंच समजलं पाह्यजे." मग घोड्याची चौकशी. एका प्रकारात घोडा दाबूनच ठेवायचा, नाक टेकवत गेलं की खिळे सुटत जातात. दुसऱ्यात दर खिळ्याला आधी नाक टेकवायचं, मग घोडा दाबायचा, मग सोडायचा. काकांनी दुसरी घेतली. "खिळा मारनं म्हनजे कोंबड्याईले दाने टाकनं नोहे. एकेकाचा विचार करा लागते."

शेवटी खिळे. एक साधे, गुळगुळीत. दुसरे अंगभर कडी-कडी असलेले, चुडीवाले. काकांनी चुडीवाले उचलले. दुकानदार भला माणूस. म्हणाला, "अंकल, ये मत लीजिए. एक बार घुस गई तो निकलती नहीं. मंडप तो बाद में खोलना पड़ेगा ना."

काका खिळ्याच्या कड्यांवरून अंगठा फिरवत राहिले. मग म्हणाले, "खोलना किसको है?"

मला वाटलं, वादळाचा धाक. व्याह्यांचा धाक. मी स्कूटी चालू केली आणि तो विषय तिथंच सोडला.

कबाड्याकडून लाकडं आली, मोठमोठ्या मशिनींच्या खोक्यांतून निघालेली पाइनची. अंगणात कामाला सुरुवात झाली. काकांच्या डोक्यावर नोकरीतलं हेल्मेट, डोळ्यांवर गॉगल, आणि कॉम्प्रेसरवर ऑपरेटर म्हणून सुमनकाकू, कानात कापूस.

"हवा!" काका ओरडणार. काकू बटण दाबणार. घर्रर्र सुरू.

"प्रेशर किती झालं?"

"तुमच्या डोक्यात हाय तेवढं!"

पहिली पट्टी ठोकायची होती. खाली टेकण म्हणून काहीतरी सपाट हवं, तर काकूंनी माझा चौरंग नेला. माझ्या सासूबाईंचा सागवानी चौरंग, बरं का! काकांनी विचार करून, नाक टेकवून, घोडा दाबून, एकामागून एक खिळे मारले. ठाक, ठाक, ठाक. चेहऱ्यावर असा आनंद की काय सांगू! मग पट्टी उचलली, तर पट्टीबरोबर चौरंगही उठला. हवा जास्त झाली होती. खिळे पट्टीतून आरपार जाऊन चौरंगात शिरले होते.

ओढला. हिसकला. माझ्या नवऱ्यानं पाय लावून पाहिला. चौरंग काही सुटेना. मी रडकुंडीला आले, तर हा बह्याड मानूस खूश! "पाहिलं? याले म्हनते खिळा!"

तर त्या चौरंगासकट मांडव उभा राहिला. दाराशीच आडव्या पट्टीला माझा चौरंग उलटा चिकटलेला, चारी पाय आभाळाकडे. काकूंनी त्याला झेंडूचं तोरण बांधून लाज झाकली. तीन घरं पलीकडच्या साहूजींनी विचारलं, "ये महाराष्ट्र में शुभ होता है क्या?" काकू म्हणाल्या, "बहुत." साहूजींच्याही मुलाचं लग्न त्याच दिवशी होतं. त्यांचा मांडव टेन्टवाल्याचा, झालरीबिलरीचा, एकदम झकपक. त्याच्यापुढे आमचा म्हणजे उभं केलेलं खोकं. वर जांभळाच्या डहाळ्या टाकल्या तेव्हा कुठे जरा मांडव दिसायला लागला.

ठरल्याप्रमाणे आदल्या दिवशी व्याही आले. मांडव बघून त्यांच्या कपाळावर आठी पडली. "एवढं लाकूड! पण वारा आला तं?" चहा पिता पिताच त्यांनी लॉनवाल्याचा नंबर काढला. काकू स्वयंपाकघरातून बाहेरच येईनात. मी आत गेले, तर पदर तोंडाला लावून उभ्या.

आणि संध्याकाळी वारा आला.

बापा रे, काय तो वारा! आधी आभाळ तांबडं झालं, मग काळं. धूळ अशी की समोरचं घर दिसेना. कोणाचं पत्र्याचं छप्पर धडधड वाजायला लागलं. आम्ही सगळे आत पळालो. काका मात्र मांडवात. हेल्मेट घालून, एका खांबाला हात लावून, वर बघत. काकू दारातून ओरडत होत्या, "अवो, आत या न! मरा लागते का?" त्यांनी नुसता हात हलवला. मांडव एकदा करकरला. माझा चौरंग पाय झाडल्यासारखा थरथरला. जांभळाच्या डहाळ्या उडून कुठल्या कुठे गेल्या.

आणि वारा ओसरला.

बाहेर येऊन पाहतो, तर साहूजींचा झालरीचा मांडव त्यांच्याच पाण्याच्या टाकीवर जाऊन बसलेला. गल्लीच्या टोकापर्यंत खुर्च्या. आणि आमचं खोकं? जिथल्या तिथं! एक सांधा हलला नव्हता. व्याही चपला न घालताच बाहेर आले. त्यांनी एक खांब हलवला. दुसरा हलवला. तिसऱ्याला तर खांदा लावला. मग हात झटकून म्हणाले, "गावंडेसाहेब, मजबूत हाय बापा!" आणि खिशातून फोन काढून सगळ्यांसमोर लॉनवाल्याला नाही म्हणून सांगितलं.

त्या संध्याकाळी साहूजींच्या मुलाची हळद आमच्याच मांडवात लागली. जागा दुसरी होती कुठे? त्यांची माणसं खांबांना थापा मारून बघत होती, "गजब मजबूत मड़वा हे, कका!" एकीकडे त्यांची हळद, एकीकडे प्राजूची. ढोल असा वाजला की सांगता सोय नाही. आणि सुमनकाकू! दिसेल त्याला, अगदी ढोलवाल्याला सुद्धा, पकडून सांगत होत्या, "ह्याईनं बनवला. सगळा एकट्यानं. हवा माही होती." दुसऱ्या दिवशी त्याच मांडवात, त्यांच्याच दारात, प्राजूचं लग्न लागलं. काकूंसारखी मिरवलेली नवरीची आई मी अजून पाहिली नाही.

पाठवणीच्या वेळी सगळे रडले. काका रडले नाहीत. ते एका खांबाचा खिळा अंगठ्यानं दाबून बघत होते.

आता पुढचं ऐका. लग्नानंतर मांडवपरतणी असते. लेक-जावई माहेरी येतात, गोडधोड होतं, मांडव उतरतो, आणि मग लग्नघर मोकळं झालं म्हणायचं. प्राजू आणि जावई आले. मीही गेले, चौरंगाच्या आशेनं. मांडव उतरवायला दोन माणसं सब्बल, म्हणजे पहार, घेऊन आली होती. त्यांनी जोर केला. सब्बल वाकायची पाळी आली. जावईबापूंनी बाह्या सरसावून हात मारला, हाताला फोड आला. खिळा जागचा हलला नाही.

"निघत नाई जी," काका म्हणाले. चेहरा असा पाडलेला, जसं काही यांनाच सगळ्यात जास्त वाईट वाटलं.

काकू चिडल्या. "आता वं! मांडव उतरल्याबिगर परतनी पुरी होते का?"

"नाई होत," काका म्हणाले. "मंग राहू द्या न अधुरी. हे लोकं पुढच्या वेळेस येतीन, तवा पाहू."

पुढच्या वेळेस! मला एकदम ते दुर्गचं दुकान आठवलं. खिळ्यावरून फिरणारा अंगठा आठवला. खोलना किसको है? मी काकांकडे पाहिलं. ते माझी नजर चुकवून माझ्या चौरंगाकडे बघायला लागले. चौरंग मागायचंच राहून गेलं. या माणसानं जन्मभर लोकांची रिकामी घरं पाहिली होती. स्वतःच्या घरातून एकुलती एक पोर जाणार, हे ठरल्या दिवसापासून तो बसून एकेका खिळ्याचा विचार करत होता.

काकूंनाही कळलं असावं. त्यांनी सब्बलवाल्यांना चहा दिला आणि परत पाठवलं.

त्यानंतर प्राजू दिवाळीला आली, परतणीला म्हणून. मग संक्रांतीला आली, परतणीला म्हणूनच. जावईबापू दर वेळी पुण्याहून काही ना काही नवीन अवजार घेऊन येतात, फोड घेऊन परत जातात. मांडवावर आता काकूंचे दोडके चढलेत. फ्रिजवरचा तो लग्नाचा फोटो काकांनी मधल्या खांबाला ठोकला आहे, चारी कोपऱ्यांत चार खिळे. आता तो पडायचा नाही. मी माझ्या चौरंगाखाली खुर्ची टाकून दोडके निवडते.

फोनवर प्राजू विचारते, "पापा, परतनी आखिर कब पूरी होगी?"

"खिळे ढिले झाले की सांगतो, बेटा."

फोन ठेवतात आणि मांडवातून फेरी मारतात. एकेक सांधा अंगठ्यानं दाबून बघतात. एखादा खिळा केसभर वर आलेला दिसला, की आमच्या घरापर्यंत ऐकू येईल अशी हाक घालतात, "सुमन, हवा चालू कर वं!"