ॲन्सेल्मभाऊंसाठी शत्रू पाहिजे

शत्रूशिवाय शस्त्राला शोभा नाही, हे आपल्या पूर्वजांना पूर्वीच ठाऊक होतं. सरकारला ते यंदा कळलं. खासगी बंदुकांवर देशभर नियंत्रण आणणाऱ्या प्रस्तावित कायद्याच्या मसुद्यात म्हणूनच एक अत्यंत समंजस कलम घातलं आहे. परवानाधारकाने, आपल्याला ज्याच्यापासून धोका आहे अशी नाव-पत्ता असलेली एक जिवंत व्यक्ती दाखवावी आणि दोन साक्षीदार आणावेत. न जमल्यास बंदूक कायमची जमा करावी; नवा परवाना मागणाऱ्यालाही हीच अट. (वटवाघूळ, माकड आणि नशीब यांना व्यक्ती समजता येणार नाही.) कायदा अजून झालेला नाही. पण आपल्याकडे झालेल्या कायद्यापेक्षा होऊ घातलेल्याचा धाक जास्त, त्यामुळे वसईत पूर्वपडताळणी सुरूही झाली.

सगळ्यात मोठी पंचाईत झाली ती नंदाखालच्या ॲन्सेल्मभाऊंची. त्यांची केळी-नारळाची वाडी आहे आणि मी त्यांचं जुनं गिऱ्हाईक. त्यांच्याकडे वडिलांची बंदूक आहे, परवाना पीकसंरक्षणाचा. तिने आजवर घेतलेले बळी असे : नारळ दोन, कौलं बरीच, वटवाघळं शून्य. शिवाय निवडणूक आली की परवान्याच्या बंदुका पोलीस ठाण्यात ठेवाव्या लागतात, आणि आपली लोकशाही इतकी जोमात आहे की ही बंदूक घरी पाहुणी आणि ठाण्यात मुक्कामाला असते. भाऊ अधूनमधून तिला तिथे बघून येतात. (तेल कोण लावतं, असं त्यांनी विचारलं की हवालदार छताकडे बघतात.)

पण हसण्यावारी नेऊ नका. वडिलांचा गाल टेकून टेकून त्या दस्त्याचं लाकूड एका जागी गुळगुळीत झालंय. रविवारी चर्चमधली मिस्सा आटोपून आले की भाऊ त्या जागेवरून अंगठा फिरवतात. तिचा एवढाच उपयोग, आणि मला तो पुरेसा वाटतो. मसुद्यात मात्र अंगठा फिरवणे ही गरज धरलेली नाही.

तेव्हा शत्रू शोधणं आलं. नंदाखालमध्ये कसून चौकशी झाली, निष्कर्ष निराशाजनक निघाला. भाऊंशी न बोलणारे एकच गृहस्थ सापडले, पण ते कानाने अधू होते. शेवटी शेजारचे जेन्सन जुन्या मैत्रीखातर शत्रुत्वाला तयार झाले. बांधावरून वाद ठरला. पडताळणीला सरकारी अधिकारी उन्नती मॅडम आल्या.

"ॲन्सेल्म, मी तुझा मुडदा पाडीन," जेन्सन खाली मान घालून म्हणाले. (ही मंडळी एरवी आपल्या बोलीत बोलतात, मॅडमना कळावं म्हणून धमकी शुद्ध मराठीत पाठ केली होती.)

"कधी?" मॅडमनी विचारलं. मसुद्यात तशी अट आहे.

जेन्सन गडबडले. "तसं काय... ॲन्सेल्मला जमेल तेव्हा."

तेवढ्यात जेन्सनच्या बायकोने, सालोमीबाईंनी, सगळ्यांना चहा आणि राजेळी केळी आणून दिली. शेरा पडला : धोका आढळला नाही.

भाऊंचा चेहरा मला बघवेना. म्हटलं, "शत्रूच हवा ना? मग गावात कशाला शोधता? आमच्याकडे या." मी विरारच्या चंदनसारला राहतो. आमची सोसायटी अठ्ठेचाळीस सदनिकांची असून सुसंस्कृत आहे.

फेरपडताळणीच्या दिवशी मॅडम आमच्या सोसायटीत आल्या आणि भाऊ स्कूटरवरून केळी घेऊन आले. मी त्यांना स्कूटर हर्षवर्धनच्या पार्किंगमध्ये लावायला सांगितली. हर्षवर्धन बँकेत अधिकारी आहेत, पहाटे योगासनं करतात, आणि सोसायटीच्या ग्रुपवर रोज सगळ्यांना 'शुभ सकाळ' पाठवतात. ते घरच्या चपलांनिशी खाली आले.

"ए! कोणाची रे ही? हटव पहिली! नाहीतर हातपाय तोडून गटारात टाकीन, समजला ना?"

"सॉरी हां," भाऊ म्हणाले, "आत्ता काढतो. केळी घ्या ना." हर्षवर्धननी केळ्यांची फणी लाथेने उडवली.

कोणतीही तालीम नव्हती. साक्षीदार दोन हवे होते, अकरा उतरले. त्यांतल्या मीराताईंनी मॅडमना विचारलं, की वरच्या मजल्यावरच्या ओल्या कपड्यांचं पाणी आपल्या गॅलरीत पडतं, ते धोक्यात बसतं का? मॅडम म्हणाल्या, हेतू असेल तर बसतं. मग रांगच लागली. संध्याकाळपर्यंत एक्केचाळीस सदनिकांचा धोका सिद्ध झाला. (उरलेल्या सात जणांनी अर्ज केला नाही, इतरांच्या अर्जांत त्यांचीच नावं होती.) थोडक्यात, बंदुका कमी करायला निघालेल्या मसुद्यामुळे एकट्या आमच्या इमारतीत बंदुकीला पात्र असे एक्केचाळीस नागरिक मिळाले. याला म्हणतात लोकसहभाग.

भाऊंचंही काम झालं : धोका सिद्ध, बंदूक राहील. मी त्यांची पाठ थोपटली. दुसऱ्या दिवशी कळलं की त्यांनी आपण होऊन बंदूक ठाण्यात कायमची जमा केली. मी तणतणत नंदाखाल गाठलं.

"अहो भाऊ, मंजूर झाली होती की!"

"झाली ना. म्हणून तर दिली," भाऊ म्हणाले. "त्या माणसाने केळ्यांना लाथ मारली ना, तेव्हा माझ्या मनात काय आलं, सांगू? वाटलं, आज बंदूक बरोबर आणायला पाहिजे होती. बापाच्या बंदुकीबद्दल असलं कधी डोक्यात आलं नव्हतं. मग ती घरात ठेवायची भीती वाटली."

त्यांचे डोळे भरले होते. मला फार वाईट वाटलं. अर्थात, स्वतःचा अर्ज मागे घेण्याइतकं नाही. एक्केचाळिसांत माझाही आहे.

तुमच्या इमारतीतही पडताळणी येईल. आज सकाळी लिफ्टमध्ये तुमच्याकडे बघून कोण गोड हसलं, तेवढं आठवून ठेवा. त्याचा अर्ज भरून झालाय, आणि धोका म्हणून त्याने तुमचंच नाव दिलंय. साक्षीदार त्याला शोधावे लागले नाहीत.